सत्तेचाळीस सेकंदांचा मान

डेल ओस्ट्रँडर मेला, की लिओनार्ड पुसातेरीच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. बर्नीच्या बारमधली पितळी घंटा वाजवण्याचा मान, उभं राहून श्रद्धांजली वाचण्याचा मान, आणि त्या वेळी डोलोरेस हुडॅकचं तोंड कसं होतं ते बघण्याचं सुख. पहिल्या दोन गोष्टी हुकल्या असत्या तरी त्याने मनाला समजावलं असतं. तिसरीसाठी मात्र तो अडीच वर्षं झिजत होता.

केलर्सबर्गच्या स्टोकर्स संघाने १९६८ साली बेसबॉलच्या छोट्या लीगचं विजेतेपद मिळवलं. त्याआधी कधी मिळवलं नव्हतं, नंतरही नाही. पुढे पोलादाचा कारखाना बंद पडला, त्याच्या मागोमाग संघ गेला, आणि मैदानाच्या जागी टायरचं दुकान आलं. उरले ते चाहते. रिकामं बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सामने नाहीत म्हटल्यावर त्यांनी अडुसष्टच्या खेळाडूंच्या मरणाचं काम हाती घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्या कामात संघाने मैदानावर कधी दाखवली नव्हती इतकी शिस्त दाखवली.

नियम बर्नीच्या बापाने पुठ्ठ्यावर लिहून भिंतीवर लावले होते. बातमी स्वतः येऊन द्यावी, फोनवर नाही. घंटा वाजवावी. बातमी आणणारा वाचेल. आणि ज्याचा जेवढा शर्टाचा नंबर, तेवढे सेकंद शांतता.

या शेवटच्या नियमाने मोठे अन्याय केले. एका मोसमात एकतीस होमरन मारणाऱ्या संघाच्या हिऱ्याचा नंबर होता तीन. त्याच्या वाट्याला तीन सेकंद आले. लोकांना नाक शिंकरायलाही पुरले नाहीत. उलट चेंडू टाकणाऱ्या ज्या पिचरने वर्षभर प्रतिस्पर्ध्यांचीच सेवा केली त्याचा नंबर अठ्ठावन्न. त्याच्यासाठी सगळा बार जवळजवळ मिनिटभर माना खाली घालून उभा, आणि बिअरचा फेस बसून गेला. पण नियम बदलायचं नाव कुणी काढलं नाही. नियम बदलणारे चाहते नसतात, मालक असतात.

संघात पंचवीस जण होते. चोवीस गेले. त्यातल्या नऊ बातम्या लिओनार्डने आणल्या, नऊ डोलोरेसने, बाकीच्या सहा इतरांनी अशाच कुठून कुठून. खरं म्हणजे लिओनार्डच्या दहा होत्या. पण एकदा घाईत त्याने एका पिचरसाठी घंटा वाजवली, रडवेल्या आवाजात वाचलं, तेवीस सेकंद शांतता झाली, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तो गृहस्थ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी भरती झाला होता. तो त्यानंतर अकरा वर्षं जगला आणि दर ख्रिसमसला लिओनार्डला कार्ड पाठवत राहिला: ‘अजून आहे.’ ती बातमी हिशेबातून वजा झाली. अकरा वर्षांनी खरी बातमी आली, ती डोलोरेसने आणली.

दोघांची आणखी एक आपसातली रीत होती. ज्याची बातमी हुकेल त्याने त्या दिवशी सगळ्या बारला बिअर पाजायची.

आणि दोघं बसायची शेजारी शेजारी, इलाज नव्हता म्हणून. मैदान पाडलं तेव्हा लाकडी खुर्च्या विकायला काढल्या होत्या. डोलोरेसने आपली एकशे आठ नंबरची घेतली, लिओनार्डने आपली एकशे नऊ. घरी न्यायला गेले तेव्हा लक्षात आलं की दोन्ही खुर्च्यांना मधला हात एकच आहे. कापावा तर एकीचं नुकसान. कुणी माघार घेईना. शेवटी ती जोडी बर्नीच्या बारमध्ये टीव्हीखाली आणून ठेवली, आणि गेली तीसहून जास्त वर्षं त्या एका हातावर कोपर कुणाचं, हे भांडण चालू होतं.

तर पंचविसावा माणूस डेल ओस्ट्रँडर. नंबर सत्तेचाळीस. बॅटमागे चेंडू झेलणारा राखीव कॅचर. सबंध मोसमात एकतीस वेळा बॅट हातात आली, चार फटके लागले. बाकीचा काळ बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलण्यात गेला. तो कुठे राहतो हे कुणी कधी विचारलं नव्हतं, कारण तो जिवंत आहे याच्याशी कुणाला काही कर्तव्य नव्हतं. तो शेवटचा उरला तेव्हा कुठे त्याचा भाव वधारला.

लिओनार्डला तो सापडला हृदयाच्या डॉक्टरकडे. नर्सने पुकारलं, “ओस्ट्रँडर, डेल!” आणि लिओनार्डचं जे हृदय तपासायला आणलं होतं ते धाडकन उडालं. एक माणूस उठला. पांढराफटक, काठीला लटकलेला, कोट असा की आत आणखी एक जण मावला असता. लिओनार्डने मनात अंदाज बांधला: ख्रिसमसपर्यंत. फार तर इस्टर.

माणूस एकटाच राहत होता, कॉब्स फेरीला, नऊ मैलांवर, उतारावरच्या एका लाकडी घरात. पुढे ओसरी आणि ओसरीला अकरा पायऱ्या. लिओनार्ड त्या पायऱ्या पहिल्यांदा चढला तेव्हा त्याच्या हातात खिम्याच्या गोळ्यांचं भांडं होतं आणि चेहऱ्यावर भक्तिभाव.

चार खेपा ओस्ट्रँडरने मुकाट्याने खाल्लं. पाचव्या खेपेला काटा खाली ठेवला.

“विकतोयस काय तू? विमा?”

“छे हो! मी तुमचा चाहता आहे.”

“माझा चाहता? माझी आई त्या वर्षी दोनदा मैदानावर आली होती. दोन्हीदा तिने विचारलं, डेल कुठला?” त्याने पाव मोडून रस्सा पुसून घेतला. “अडुसष्टचे आम्ही किती उरलो रे?”

लिओनार्डने भांड्याकडे बघितलं. “तुम्ही.”

“मी आणि कोण?”

“तुम्हीच.”

ओस्ट्रँडर बराच वेळ चावत राहिला. बर्नीच्या बारमधल्या घंटेची गोष्ट त्याच्याही कानावर आली असावी. अशा गोष्टी खेळाडूंपर्यंत पोचतातच.

“म्हणजे तुला बातमी हवी आहे,” तो म्हणाला. “मागायला लाजतोस कशाला? पण पुसातेरी, बातमी पिकेपर्यंत झाडाला पाणी घालावं लागेल. छपराच्या पन्हाळीत पानं साचलीत. शिडी मागे आहे.”

त्या दिवसापासून लिओनार्ड कामाला लागला. पन्हाळी झाल्या, मग कुंपण, मग न्हाणीघराचा नळ. बदल्यात ओस्ट्रँडर श्रद्धांजलीसाठी मजकूर पुरवायचा. ऑगस्टमधल्या एका सामन्यात आपण मारलेला चेंडू थेट नदीत पडला आणि एका कोळ्याच्या होडीत सापडला, असं त्याने सांगितलं. लिओनार्डने त्या मोसमातला एकही घरचा सामना चुकवला नव्हता आणि त्याला असला चेंडू आठवत नव्हता. तरी त्याने तो आपल्या स्कोअरवहीत नीट लिहून घेतला. नुसत्या चार फटक्यांवर माणूस किती बोलणार?

ख्रिसमस गेला. इस्टर गेला. आणि डोलोरेसला सुगावा लागला.

“लेनी,” मधल्या हातावर कोपर रोवत ती म्हणाली, “तुझ्या कोटाला आजकाल खिम्याचा वास येतो.”

“तुझं नाक माझ्या कोटात काय करतंय?”

“माझं नाक माझ्याच खुर्चीत आहे. वास चालत येतोय. सोमवारी येतो, बुधवारी येतो, शुक्रवारी तर लसणाचाही येतो. बाई असती तर तू दाढी केली असतीस. म्हणजे खेळाडू आहे.”

लिओनार्डने ताकास तूर लागू दिली नाही. पण पुढच्या बुधवारी तो कॉब्स फेरीला पोचला तेव्हा वर ओसरीत डोलोरेस बसलेली होती, मांडीवर खसखशीचा रोल, आणि ओस्ट्रँडर तिच्या हातून तिसरा तुकडा खात होता.

“ये, ये पुसातेरी!” तो म्हणाला. “मला सांगितलं नाहीस की गिऱ्हाईक आणखी आहे.”

“हिला मी बोलावलं नाही.”

“मला कुणी बोलवावं लागत नाही,” डोलोरेस म्हणाली. “मी तुझ्या गाडीच्या मागे आले होते सोमवारी. तू वळताना दिवा लावत नाहीस, लेनी. मरशील एक दिवस, आणि तुझी बातमीसुद्धा मलाच आणावी लागेल.”

ओस्ट्रँडरने तिथल्या तिथे वाटणी करून टाकली. सोमवार, बुधवार, शुक्रवार लिओनार्ड. मंगळवार, गुरुवार, शनिवार डोलोरेस. रविवारी कुणीच यायचं नाही.

“रविवारी का नाही?” दोघांनी एका सुरात विचारलं.

“एक दिवस तरी मला मरायला मोकळीक द्या,” तो म्हणाला. “तुमच्या देखत संकोच वाटतो.”

झालं ते असं, की या स्पर्धेने ओस्ट्रँडर ठणठणीत होत गेला. एकीकडून खिमा, दुसरीकडून कोबीच्या सुरळ्या आणि खसखस. डोलोरेस त्याला गोळ्या वेळेवर देते म्हटल्यावर लिओनार्ड रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आला. आकडे तो स्कोअरवहीत मांडायचा, बेसबॉलच्याच चौकोनांत, आणि आकडे महिन्यामागून महिना सुधारत होते. काठी गेली. कोट अंगाला बसू लागला. डॉक्टर म्हणाला, “हे जे काय चाललंय ते चालू ठेवा,” आणि लिओनार्डला ते हसतमुखाने ऐकून घ्यावं लागलं, कारण त्या दिवशी गाडी त्याची होती.

बारमध्ये लोक विचारायचे, “काय म्हणतोय सत्तेचाळीस?”

“काल बाग खणत होता,” लिओनार्ड खिन्नपणे सांगायचा.

“अरेरे,” लोक म्हणायचे.

पुढच्या हिवाळ्यात डोलोरेसला अकरा पायऱ्या चढताना मधे थांबावं लागू लागलं. पहिल्यांदा आठव्या पायरीवर, मग पाचव्या. हे लिओनार्डच्या नजरेतून सुटलं नव्हतं. राहिलेलं भांडं न्यायच्या निमित्ताने तो कधी तिच्या वारी सकाळी लवकर येऊन कोपऱ्यावर गाडीत बसायचा, तेव्हा त्याला ती दिसायची: कठड्याला धरून उभी, तोंड उघडं. त्याने ते वहीत टिपूनसुद्धा ठेवलं. ‘डो. — पायऱ्या — धाप.’ हा आपल्या बाजूचा मुद्दा आहे असं त्याचं गणित होतं. बातमी फुटेल त्या दिवशी घंटेपर्यंत आधी कोण पोचणार, हा प्रश्न निकालात निघाला होता.

तिला त्याने एकदाच विचारलं, तेही आडून.

“पायऱ्या जड जातात का गं?”

“तुला बरं वाटेल म्हणून हो म्हणू?” ती म्हणाली. “कोपर सरकव.”

ऑक्टोबरातला गुरुवार. गुरुवारी दुपारी चाहत्यांचं मंडळ बर्नीकडे जेवायला जमतं. डोलोरेस कॉब्स फेरीहून परस्पर यायची, बरोबर एक वाजता. सव्वा वाजला. दीड वाजला. खुर्ची नंबर एकशे आठ रिकामी. मधल्या हातावर लिओनार्डचं कोपर ऐसपैस पसरलेलं होतं, पण त्याला त्याचं सुख लागेना.

मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेला! सत्तेचाळीस मेला, आणि मेला तो तिच्या वारी! अडीच वर्षं खिमा कुणाचा, पन्हाळी कुणी साफ केल्या, रक्तदाब कुणी मोजला, आणि हा बाबा मरायला गुरुवार निवडतो! ती आत्ता तिथे बसून त्याच्या तोंडावर चादर ओढत असेल, केस नीट करत असेल, आणि शांतपणे गाडी काढत असेल. कारण तिला माहीत आहे, आता घाई नाही.

तो उठला. एक बाही कोटात घातली. निदान वाटेत गाठावं, निदान दोघांनी मिळून घंटा वाजवावी, असलं काहीबाही मनात होतं. तेवढ्यात दार उघडलं.

दारात डेल ओस्ट्रँडर उभा होता. स्वतःच्या पायांवर, स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात, हातात गाडीची किल्ली.

बारमधले सगळे त्याच्याकडे बघत राहिले. तो इथे पहिल्यांदाच आला होता. कुणी बोलावलंच नव्हतं. आणि लिओनार्डला, हे त्याने पुढे कुणाजवळ कबूल केलं नाही, पहिल्या क्षणाला जे वाटलं ती सरळ सरळ निराशा होती. दुसऱ्या क्षणाला वाटलं ते हे की या माणसाला गाडी चालवता येते, आणि आपण अडीच वर्षं त्याला डॉक्टरकडे पोचवतोय.

“घंटा कुठली?” ओस्ट्रँडरने विचारलं.

बर्नीने बोट दाखवलं. ओस्ट्रँडर गेला आणि त्याने दोरी ओढली. एकदाच.

“डोलोरेस हुडॅक,” तो म्हणाला. “आज सकाळी.”

लिओनार्डची दुसरी बाही हवेतच राहिली.

“दहा वाजेपर्यंत आली नाही. ही बाई दहाचे सव्वादहा कधी करत नाही. फोन लावला, उचलेना. मग गेलो. मागचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली होती, कोट घालून. टेबलावर सुरळ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या. डॉक्टर म्हणाला, हृदय. वर्षभर दुखणं होतं म्हणे. मला मात्र गोळ्या मोजून देत होती.”

मंडळात एक टूमी नावाचा म्हातारा होता, नियमांचा फार पक्का. तो म्हणाला, “वाईट झालं. फार वाईट झालं. पण घंटा खेळाडूंसाठी आहे.”

“वाच,” ओस्ट्रँडर भिंतीकडे बोट करून म्हणाला.

“अं?”

“पुठ्ठा वाच. खेळाडू असा शब्द कुठे दिसतो का?”

टूमीने चष्मा लावला. सगळ्यांनी वर बघितलं. इतकी वर्षं तो पुठ्ठा कुणी धड वाचला नव्हता. शब्द नव्हता.

“बातमी आणणारा वाचेल,” ओस्ट्रँडर म्हणाला. “बातमी मी आणली आहे.”

त्याने खिशातून कागद काढला. टपालाचं जुनं पाकीट, मागे पेन्सिलीने लिहिलेलं.

“डोलोरेस हुडॅक,” त्याने वाचलं. “तेवीस मोसम. एक हजार चारशे नव्वद सामने, सगळे शेवटच्या चेंडूपर्यंत. पावसात एक्केचाळीस. दोन लग्नं चुकवली, त्यातलं एक सख्ख्या बहिणीचं. पंचावर फेकलेले शेंगदाणे: मोजदाद नाही. या बाईला मी नदीत पडलेल्या चेंडूची गोष्ट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, डेल, मी तिथे होते. मग तिने माझे चारही फटके मला सांगितले. कुठल्या तारखेला, कुठल्या पिचरला, चेंडू कुठे गेला. तिसरा मी विसरलो होतो.” त्याने कागदाची घडी केली. “संपलं.”

लिओनार्डच्या खिशात त्याची स्कोअरवही होती. तीत नदी होती, कोळी होता, होडी होती. त्याने खिशावर हात ठेवला.

“शांतता,” बर्नी म्हणाला आणि अडकला. “किती सेकंद? नंबर काय?”

लोक एकमेकांकडे बघू लागले. नंबर नव्हता. कुणी म्हणालं दहा धरा. टूमी म्हणाला, नियमाप्रमाणे शून्य.

“एकशे आठ,” लिओनार्ड म्हणाला.

“एकशे आठ?” टूमी म्हणाला. “अरे, जवळजवळ दोन मिनिटं होतात! माझ्या पायांचा तरी विचार कर.”

“तिच्या खुर्चीच्या पाठीला लोखंडी पट्टीवर आकडा आहे. तेवीस वर्षं पाठीवर होता. जा, बघून ये.”

कुणी बघायला गेलं नाही. बर्नीने घड्याळ हातात घेतलं.

केलर्सबर्गमध्ये इतकी लांब शांतता कुणासाठी झाली नव्हती. तिसाव्या सेकंदाला टूमीने पाय बदलला. सत्तेचाळिसाव्याला ओस्ट्रँडरने डोळे उघडून घड्याळाकडे बघितलं. आपला हिस्सा किती ते त्याने बघून घेतलं, आणि परत मिटले. साठ सेकंदांनंतर लोकांना चाहत्यासाठी उभं राहायची सवय नाही हे दिसायला लागलं. नव्वदीला कुणीतरी शिंकलं. लिओनार्ड मोजत होता. ओठ न हलवता, जसा तो आयुष्यभर चेंडू मोजत आला तसा. आणि एकशे सातला, एकशे आठला, त्याच्या लबाड मनाने न विचारता पुढची बेरीज करून टाकली: माझी खुर्ची एकशे नऊ. मी तिच्यापेक्षा एका सेकंदाने पुढे.

फक्त तो सेकंद घ्यायला मरावं लागेल. आणि तेव्हा मधल्या हातावर दुसऱ्या बाजूने कोपर कुणाचंच नसेल.

“झाले,” बर्नी म्हणाला.

लोक बसले. ओस्ट्रँडर दोन्ही खुर्च्यांसमोर येऊन उभा राहिला. बसला नाही. “उद्या शुक्रवार,” तो लिओनार्डला म्हणाला. “तुझा वार. येतोयस ना?”

“येतो.”

“आणि शनिवार?”

लिओनार्डने एकशे आठकडे बघितलं. “आपलं सगळं काम माझ्याच अंगावर टाकून गेली,” तो म्हणाला. “खसखशीचा रोल मला येत नाही.”

“मी शिकलोय,” ओस्ट्रँडर म्हणाला. “ये. करून दाखवतो. पण पायऱ्या सावकाश चढ.”

बर्नीने फळ्यावरच्या जुन्या हिशेबात भर घातली. पुसातेरी नऊ, हुडॅक नऊ, इतर सहा, ओस्ट्रँडर एक. मग त्याने विचारलं की बातमी दोघांचीही हुकली, तेव्हा आज बिअर कुणाकडून. रीत दोघांची होती, आणि दोघांपैकी एकच हजर होता. लिओनार्डने पाकीट काढलं. बारा ग्लास प्यायले गेले होते. तेरावा एकशे आठसमोर ठेवलेला होता, काठोकाठ, फेस बसलेला. बर्नी म्हणाला की तो दुकानातर्फे धरू. लिओनार्डने मान हलवली आणि तेराचे पैसे भरले.